ताबारेषेवरची ओटी

गावाचं नाव मी लिहिणार नाही. माणसांचीही नाही. नावानिशी सांगितल्याने काय होतं ते मी पुरेसं पाहिलंय. इतकंच सांगते, की ते गाव लडाखमध्ये आहे, नुब्रा खोऱ्याच्या पार टोकाला, श्योक नदीच्या काठी. तिथून थोडं पुढे ताबारेषा, आणि रेषेपलीकडे बाल्टिस्तान. आपल्या नकाशात आपलं, प्रत्यक्षात पाकिस्तानच्या ताब्यातलं. एकाहत्तरच्या युद्धापर्यंत हे गावसुद्धा पलीकडेच होतं. युद्ध थांबलं तेव्हा ते अलीकडे आलेलं होतं. गाव जागचं हललं नव्हतं, नदीही नाही. देश तेवढा बदलला होता.

मी राहते नोव्हायला, डेट्रॉइटच्या जवळ. मूळची पुण्याची. गाड्यांच्या स्क्रीनवर जो नकाशा दिसतो, त्याचं काम करते. आमच्या भिंतीला लागून जे घर आहे तिथे एक बाई राहते, हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे, आणि तिच्याबरोबर तिचे वडील राहायचे. दोघंही स्कर्दूहून आलेली, म्हणजे त्याच बाल्टिस्तानातून. तिच्या वडिलांना मी चाचा म्हणायचे. चाचा सत्तरीच्या पुढचे, दोन्ही किडन्या गेलेल्या, हृदय अशक्त. एक दिवसाआड डायलिसिस. लेकीची सकाळची ड्यूटी असेल त्या दिवशी मी त्यांना सेंटरवर सोडायचे आणि मग ऑफिसला जायचे. माझा स्वभाव काही फार परोपकारी नाही. पहिल्यांदा सोडलं ते नाइलाजाने, थंडीत तिची गाडी सुरू होईना म्हणून. पण नंतर मला त्यांच्याशी बोलायची सवय लागली.

ते उर्दूत बोलायचे आणि मी पुणेरी हिंदीत. इथे सगळं मराठीतच लिहिते, नाहीतर माझ्या हिंदीची लाज निघेल.

एकदा त्यांनी गाडीच्या स्क्रीनकडे बोट करून विचारलं, "यात माझं गाव दिसेल?" मी दाखवलं. अमेरिकेत विकायच्या गाडीत त्या भागात तुटक रेषा असतात. चाचांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. मी म्हटलं, "भारतात जी गाडी जाते तिच्यात तुमचं स्कर्दूही भारतातच आहे, पक्क्या रेषेच्या आत. तसा कायदाच आहे आमचा."

"आणि खरं कोणतं?"

"गाडी जिथे विकायची असेल तिथलं."

ते इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, पाकिस्तानातही आम्ही पुरते नाही. तिथल्या संसदेसाठी आमचं मत नाही, कारण आम्हाला प्रांत म्हणून सामावून घेतलं तर काश्मीरवरचा दावा सैल पडेल म्हणे. दोन्ही देश आम्हाला आपलं म्हणतात, पण घरात कुणी घेत नाही. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, आजचं हवामान सांगावं तसं.

आमच्या मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये हा विषय अधूनमधून निघतोच. हातात श्रीखंडाची वाटी आणि तोंडात "पीओके आपलंच आहे यार, आज ना उद्या घेणारच." एकदा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आपलंच आहे ना? मग तिथले एक आजोबा माझ्या शेजारी राहतात. नेक्स्ट टाइम त्यांना जेवायला बोलवा." मग कुणीतरी विषय घराच्या इन्शुरन्सवर नेला. परत येताना गाडीत नवरा म्हणाला, "कशाला या भानगडीत पडतेस? आपली ग्रीन कार्डची फाइल अजून लोंबकळतेय. पाकिस्तानी माणसाला तू ड्राइव्ह करून नेतेस, उद्या कुणी काही विचारलं तर?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण भीती मलाही वाटली होती, हे खरं आहे. व्हिसावर जगणाऱ्या माणसाच्या पोटात ती कायमची असते.

चाचा मूळचे श्योककाठच्या त्या गावचेच. त्यांना एकच बहीण, त्यांच्याहून मोठी, ती अजून तिथेच. आई लवकर गेली म्हणून तिनेच त्यांना वाढवलं. मिसरूड फुटलेलं असताना ते एका हिवाळ्यापुरते स्कर्दूला गेले, दुकानात कामाला. त्याच डिसेंबरात युद्ध झालं आणि गावाकडचा रस्ता बंद झाला. एका दिवसाची वाट. ती तेव्हापासून आजतागायत बंद आहे. भारताच्या व्हिसासाठी त्यांनी इतक्यांदा अर्ज केला की किती वेळा ते त्यांनाच आठवत नव्हतं. बहिणीकडे पासपोर्ट नाही, ती लेहच्या पुढे कधी गेलेली नाही.

मोबाइल आले तेव्हा काही काळ बरा गेला. बहिणीचा मुलगा, म्हणजे चाचांचा भाचा, आईचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. चाचा आपला आवाज स्कर्दूहून पाठवायचे, पुढे अमेरिकेतून. मग पलीकडच्या माणसांशी संबंध ठेवतो म्हणून भाच्याला चौकशीला बोलावून घेतलं गेलं. त्याचं पोट सीमेवरच्या रस्त्यांच्या कामावर, तिथे तो कंत्राटी ड्रायव्हर. तो घाबरला. मामू, आता फोन करू नका, असा एक निरोप पाठवून त्याने नंबर बदलला. त्यानंतर बहीण आहे की नाही एवढंही चाचांना कळेना.

"एकदा बघायचं होतं," ते म्हणायचे. कुणाला, ते सांगायचे नाहीत. मलाही विचारावं लागायचं नाही.

गेल्या वसंतात त्यांच्या लेकीने मला पार्किंगमध्ये गाठलं. हॉस्पिटलचा कोट अंगावर तसाच होता. म्हणाली, "हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढचा हिवाळा धरून चालू नका." ती रडली नाही. गाडीच्या दाराला धरून उभी राहिली फक्त. माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं.

आणि त्याच सुमारास आईचा फोन आला, की ती आणि बाबा लेह-लडाखला निघालेत. ग्रुप टूर. पुण्यातून जगाच्या पाठीवर कुठेही न्या, सकाळी पोहे आणि रात्री वरणभात मिळाला पाहिजे, अशी जी टूर असते ती. मी नेहमी या टूरची टिंगल करते. त्या दिवशी मात्र कुठे कुठे जाणार ते सगळं वाचून दाखवायला लावलं. सहाव्या मुक्कामाला आईने ते गाव वाचलं. "सीमेवरचं गाव आहे म्हणे, जर्दाळू फार छान मिळतात," ती म्हणाली. मी तिला ते नाव पुन्हा वाचायला लावलं.

पुण्याची दोन म्हातारी माणसं, डोक्यावर टूरची टोपी. त्यांच्यावर कोण संशय घेणार? मी आईला सगळं समजावलं. गावात पोचलात की त्या बाईंचं घर शोध, मला व्हिडिओ कॉल लाव, मी चाचांच्या शेजारी बसलेली असेन. बहीणभावांनी एकमेकांना बघायचं, बोलायचं, संपलं. कुणाला काही सांगू नकोस, फोटो काढू नकोस.

"मी काय दवंडी पिटणार आहे का?" आई म्हणाली. मग जरा थांबून, "अगं, म्हणजे त्या बिचारीला पन्नास वर्षांत माहेरचं कुणी भेटलंच नाही?"

इथेच मला कळायला हवं होतं. आईच्या आवाजात जो ओलावा आला होता, तो आला की ती कुणाचं ऐकत नाही.

चाचांना मी त्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी लेकीला म्हणाले, मला न्हाव्याकडे ने. नंतर रोज विचारायचे, आई-बाबा निघाले का? कुठे पोचले? मी स्क्रीनवर दाखवायचे. आज लेह, उद्या खार्दुंगलाची खिंड ओलांडतील. त्या दिवसांत ते पहिल्यांदाच पोटभर जेवायला लागले असं त्यांची लेक सांगायची.

लेहला पोचल्यावर आईबाबांचे फोन बंद पडले. दोघांचीही कार्डं प्रीपेड. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिकडे चालतच नाही, पोस्टपेड लागतं. अमेरिकेत बसून मला हे काय ठाऊक, आणि बाबांनी तर निघायच्या आधी मोठ्या ऐटीत वर्षभराचं रिचार्ज मारून ठेवलेलं. हॉटेलच्या वायफायवरून आई बोलली, ती मात्र निवांत होती.

"काळजी करू नकोस. ग्रुपमधल्या एका काकांचं पोस्टपेड आहे. बँकेतून रिटायर झालेत, फार सज्जन माणूस. त्यांना सांगितलंय मी सगळं."

"सगळं म्हणजे?"

"अगं, फोन मागायचा तर कारण नको का सांगायला?"

मी ओरडले. बाबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "आपलीच पुण्याची माणसं आहेत गं, सहकारनगरला राहतात." जणू सहकारनगरला राहणाऱ्या माणसाच्या हातून आजवर काही वाईट घडलेलंच नाही. पण दुसरा इलाज नव्हता. चाचांनी केस कापून घेतले होते.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. तिकडे संध्याकाळ. चाचा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसलेले, शेजारी लेक, समोर टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला माझा फोन. तो वाजला तेव्हा मी दचकले.

आधी आईचं नाक आणि टोपी दिसली. घर शोधायला काहीच त्रास झाला नव्हता. जर्दाळू विकणाऱ्या बायकांना विचारलं, तर भाऊ पलीकडे राहिलेली ती म्हातारी सगळ्यांनाच माहीत होती. भाचा घरी नव्हता, ट्रक घेऊन कामावर होता. त्याची बायको दारात उभी राहून नको-नको म्हणत होती, हे मला मागाहून कळलं. आईने तिचा हात धरला आणि सरळ आत गेली.

मग स्क्रीनवर ती आली. डोक्यावर ओढणी, चेहराभर सुरकुत्या, आणि नाक अगदी चाचांचं. तिने फोनकडे संशयाने पाहिलं. चाचा फोनच्या अगदी जवळ सरकले. ती त्यांच्या बाल्टी भाषेत काहीतरी करड्या आवाजात म्हणाली, पुन्हा म्हणाली. चाचांची लेक माझ्या कानाशी सांगत होती. ती म्हणत होती, कुणीही येऊन माझा भाऊ म्हणेल, मी कसं मानू? आमच्या गायीचं शिंग कुणी मोडलं होतं, सांग.

"मी," चाचा म्हणाले. "दगड मारून. आणि मार तू खाल्लास."

म्हातारीने तोंडावर ओढणी घेतली. मग फोनच्या काचेवर हात फिरवायला लागली, त्यामुळे आम्हाला नुसता तिचा तळहात दिसायला लागला. चाचा मोठ्याने रडत होते. त्यांची लेक रडत होती, मी रडत होते, पलीकडे आई नाक पुसत होती. ते दोघं काय बोलले ते सगळं मला कळलं नाही आणि मी नंतर विचारलंही नाही. पण आयुष्यात काही चांगलं केलं असेल तर ते हे, असं मला त्या सकाळी वाटलं होतं.

फोन ठेवायची वेळ आली तेव्हा आई पुढे आली. चाचांना म्हणाली, "भाईसाब, आपकी तरफ से मैं ओटी भरती हूँ."

तिने पुण्याहून बॅगेत नारळ नेला होता. खण नेला होता, तांदूळ नेले होते. वजन जास्त झालं म्हणून बाबांचे दोन स्वेटर काढून ठेवले होते. ग्रुपमधली कुणीतरी बाई मागून म्हणाली, "अहो, त्या विधवा आहेत ना?" त्यावर आई फटकन म्हणाली, "माहेरच्या ओटीला कसलं आलंय विधवा नि सधवा?" मला आईचा अभिमान वाटला. चाचांनी मला विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, आमच्याकडे लेक माहेरहून सासरी जायला निघाली की तिच्या पदरात तांदूळ-नारळ घालतात. माहेर अजून आहे, असा त्याचा अर्थ. चाचा खुर्चीतून अर्धे उठले. "भरा, भरा!" म्हणाले.

म्हातारीला काही कळलं नाही, पण तिने शाल पसरली. नारळ हातात घेऊन कानाशी हलवून पाहिला, आतलं पाणी वाजलं तशी हसली. त्या हसण्यावर कॉल संपला.

आम्हाला जे दिसत नव्हतं ते असं, की कॉल काकांच्या फोनवर चालू असताना काका स्वतः बायकोच्या फोनवर सगळं शूट करत होते. आईने पाहिलं होतं. तिला वाटलं, आठवण म्हणून घेत असतील.

लेहला परतल्यावर त्यांनी तो व्हिडिओ टाकला. मागे देशभक्तीचं संगीत. वर मथळा: पाकिस्तानातल्या भावाकडून भारतातल्या बहिणीला माहेरची ओटी. चाचा अमेरिकेत आहेत हे गाळलं होतं, त्याने मजा गेली असती. गावाचं नाव होतं. गल्ली, दार, म्हातारीचा चेहरा, दारात नको-नको म्हणणाऱ्या सुनेचा चेहरा, सगळं होतं. मला तो पॉटलकवाल्या ग्रुपमधूनच आला, खाली डोळे पाणावल्याच्या इमोजी. त्यांना कुणालाच माहीत नव्हतं की फोनमधला म्हातारा कोण. खालच्या प्रतिक्रिया मी वाचत गेले. बरेच जण रडले होते. काही जण विचारत होते, या बाईचा पाकिस्तानात संपर्क कसा? चौकशी झाली पाहिजे.

मी काकांना फोन केला. ते आनंदात होते.

"अहो, फार पॉझिटिव्ह मेसेज गेलाय. तुमच्या आईंना सांगा, लोक विचारतायत त्यांच्याबद्दल."

"काका, प्लीज, आत्ताच्या आत्ता डिलीट करा. त्या लोकांना त्रास होईल."

"त्रास कसला? आपण तर जोडायचंच काम केलं ना? चुकीचं काय आहे ते तरी सांगा."

मी सांगितलं. ओरडून सांगितलं, मग हात जोडून सांगितलं. त्यांना माझा सूर आवडला नाही. पुण्याला परतल्यावर बाबा त्यांच्या घरी जाऊन बसले तेव्हा कुठे त्यांनी तो काढला. तोवर तो कुठल्या कुठल्या पानांवर गेला होता. मी प्रत्येकाला लिहीत बसायचे. ऑफिसात मीटिंग चालू असताना टेबलाखाली लिहायचे. कुणी उत्तर दिलं नाही. एकाने दिलं: मॅडम, तुम्हाला पाकिस्तानचा एवढा पुळका का? आईने सुनेला आपला नंबर देऊन ठेवला होता, पण सुनेचा नंबर लागत नव्हता. मी दिवसातून कितीदा लावायचे. चाचा गाडीत विचारायचे, ताईचा परत फोन? मी म्हणायचे, तिकडे नेटवर्क नाही.

पाऊस संपता संपता आईला भाच्याचा फोन आला, कुणा तिसऱ्याच्याच नंबरवरून. तो चिडला नव्हता, याचंच आईला जास्त लागलं. आंटीजी आंटीजी करत बोलत होता. त्याला पुन्हा बोलावलं होतं. घरातले फोन काढून घेतले होते. कंत्राटदाराने ट्रकची किल्ली मागून घेतली होती, वरून सांगितलंय म्हणाला. आणि आई, म्हणजे ती म्हातारी, रोज हट्ट करत होती की भावाला फोन लावा. शेजारपाजाऱ्यांना सांगत सुटली होती की माझा भाऊ मला भेटला. ती ऐकेचना. तेव्हा त्यांनी तिला सांगितलं की मामू वारले. घरात कुराण वाचलं, गावाला बोलावलं. आता ती विचारत नाही. "आंटीजी, आता तुम्हीही फोन करू नका," म्हणाला, आणि ठेवून दिला.

आईने हे मला रडत सांगितलं. मी तिला बोलू नये ते बोलले. तुला कुणी सांगितलं होतं नारळ न्यायला, कुणाची ओटी कुणी भरायची, तुमचा तो हौसेचा कार्यक्रम झाला आणि त्या माणसाचं घर बुडालं. ती म्हणत राहिली, "माझ्या मनात काही वाईट होतं का गं?" वाईट नव्हतं. तेच तर सहन होत नाही. वाईट असतं तर मला तिचा मनापासून द्वेष तरी करता आला असता.

चाचांच्या लेकीला मी सांगितलं. तिने वडिलांना सांगायचं ठरवलं, कारण ते रोज विचारत होते आणि तिला खोटं बोलणं झेपेना. तू बरोबर बस, म्हणाली. रविवारी दुपारी आम्ही तिघं त्यांच्या खोलीत बसलो, मीठ घातलेला त्यांचा चहा समोर. ती बाल्टीत बोलली. चाचा ऐकत होते. नंतर मलाही कळावं म्हणून ते उर्दूत बोलले.

"कधी सांगितलं तिला?"

मी म्हटलं, ऑगस्टच्या शेवटी असेल.

त्यांनी मनाशी हिशोब केला. "म्हणजे माझा चाळिसावाही झाला," ते म्हणाले. त्यांच्यात चाळिसाव्या दिवशी मृताच्या नावाने गावाला जेवण असतं. "ताईने चांगलं जेवण घातलं असेल. उसनं आणून घातलं असेल." मग लेकीकडे वळून म्हणाले, "मी जाईन तेव्हा तिकडे काही कळू देऊ नका. तिचं रडून झालंय."

भाच्यावर ते रागावले नाहीत, आईवर नाही, काकांवर नाही. माझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला चहा गार होतोय, एवढंच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मी नेहमीसारखी गाडी गरम करून थांबले, तर ते बाहेर आले नाहीत. लेक आली. म्हणाली, नको म्हणतायत. मला वाटलं, आजच्यापुरतं. पण त्यांना डायलिसिसच कायमचं नको होतं. इथे पेशंटला तसं म्हणता येतं. डॉक्टर येऊन बोलले, सोशल वर्कर येऊन गेली, कागदावर सही झाली. लेकीने त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, थकलोय, दुसरं काही नाही. मी त्यांच्या उशाशी बसून खूप भांडले. तिकडे खोटं सांगितलंय, तुम्ही ते खरं करायला निघालात, असं तोंडावर म्हटलं. ते डोळे मिटून हसले. दोन आठवडेही लागले नाहीत. त्यांना इथल्याच दफनभूमीत पुरलं, बर्फ पडायच्या आधी. जमीन सपाट आहे तिथली, कुठेही उंचवटा नाही.

आईला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती भाच्याला कळवल्याशिवाय राहायची नाही. त्याचा तो तिसऱ्याचा नंबर तिने जपून ठेवलाय, एकदा माफी मागेन म्हणते. आणि दुसरं म्हणजे, ती हे सोसू शकणार नाही. मी तिला जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलंय.

परवा तिचा फोन आला. पुण्यात थंडी पडलीय, गुडघे दुखतात, बाबा ऐकत नाहीत, सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "चाचा कसे आहेत गं?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

"मी त्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. राखाडी रंगाचा. पाठ होत आलीय. बाह्यांचं माप तेवढं सांग, अंदाजाने नको, विचारून सांग."

थांब, विचारते, असं म्हणून मी फोन टेबलावर ठेवला आणि तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने उचलून तिला माप सांगितलं.